चिमुकला पाहुणा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात वसंत ऋतूची चाहूल लागली, की अनेक घरांतील मुले अंगणाकडे डोळे लावून बसतात. ती वाट पाहत असतात एका चिमुकल्या पाहुण्याची. हा पाहुणा म्हणजे गुंजन पक्षी होय. इंग्रजीत त्याला ‘हमिंगबर्ड’ म्हणतात. उडताना त्याच्या पंखांतून भुंग्यासारखा गुंजारव निघतो. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे.

गुंजन पक्ष्यांच्या ३५० हून अधिक जाती आहेत. परंतु त्या केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेत आणि जवळच्या बेटांवरच आढळतात. पूर्व भागात येणाऱ्या जातीच्या नराचा गळा माणकासारखा लाल असतो. या पक्ष्याचे वजन अवघे ३ ग्रॅमच्या आसपास! त्याचे पंख एका सेकंदात सुमारे ५० वेळा हलतात. तो हवेत एके जागी स्थिर राहू शकतो व मागच्या दिशेनेही उडू शकतो. हिवाळा तो मेक्सिको व मध्य अमेरिकेत घालवतो. वसंतात परतताना यांतील कित्येक पक्षी मेक्सिकोचे आखात कोठेही न थांबता ओलांडतात. हा प्रवास सुमारे ८०० किलोमीटरांचा असतो.

एवढ्या श्रमांना अन्नही तसेच लागते. फुलांतील मधुरस आणि बारीक कीटक हे त्याचे अन्न. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने त्याला ते मिळवावेच लागते. म्हणून या थकलेल्या प्रवाशासाठी तेथील लोक अंगणात रसपात्र टांगतात.

हे पात्र घरातील वस्तूंपासून सहज तयार होते. घट्ट झाकणाची एक लहान, उथळ डबी घ्यावी. झाकण लाल असल्यास उत्तम. कारण लाल रंग या पक्ष्याला दुरूनही ओळखू येतो. वडील माणसांच्या मदतीने झाकणाला सुमारे ३ मिलिमीटर रुंदीची तीन-चार छिद्रे पाडावीत व त्यांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. मग आपल्याकडील शिंक्याप्रमाणे दोऱ्यांच्या आधाराने डबी सावलीत, मांजराला पोहोचता येणार नाही अशा उंचीवर टांगावी. आपण दुधाचे भांडे पाण्याच्या परातीत ठेवून मुंग्यांना अडवतो. तीच युक्ती येथेही चालते. डबीच्या वरच्या बाजूस एका वाटीच्या बुडातून दोरी ओवावी, छिद्र मेणाने बुजवावे आणि वाटीत पाणी भरावे.

आता रस! एक पेला पांढरी साखर व चार पेले पाणी उकळावे आणि पूर्ण निवल्यावर डबीत भरावे. फुलांतील मधुरसाशी हे प्रमाण बरेच जुळते. पक्षी झाकणासमोर तरंगत छिद्रातून आपली लांब जीभ आत घालतो व रस चाटून घेतो.

परंतु पात्र टांगले म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. कोणी प्रेमाने साखरेऐवजी मध घालतात. पाण्यात मिसळलेल्या मधावर बुरशी लवकर वाढते व ती पक्ष्याला घातक ठरते. कोणी रसात लाल रंग घालतात. त्याची मुळीच गरज नसते. उन्हाळ्यात रस लवकर आंबतो. म्हणून दर दोन दिवसांनी, कडक उन्हात तर रोज, उरलेला रस फेकून पात्र गरम पाण्याने स्वच्छ धुवावे लागते. ज्याला एवढा नेम पाळणे जमणार नाही, त्याने पात्र न टांगणेच बरे. अस्वच्छ पात्र म्हणजे पाहुण्याला बोलावून त्याच्यापुढे विष ठेवणेच होय.

गुंजन पक्षी महाराष्ट्रात येत नाही. जास्वंदीच्या फुलात बाकदार चोच घालणारा आपला चिमुकला शिंजीर हा निराळ्या कुळातील पक्षी आहे. त्याच्यासाठी साखरपाण्याची खटपट नको. दारची जास्वंद आणि बांधावरचा पांगारा हीच त्याची रसपात्रे. ती जपली की पाहुणचार झालाच.

पाहुण्याला काय मानवते हे जाणून घेणे आणि त्याची नित्य काळजी वाहणे, हेच खरे आतिथ्य.

अभ्यास
१. गुंजन पक्ष्याला वारंवार अन्न का लागते?
२. रसपात्रात मध का घालू नये?
३. ‘अस्वच्छ पात्र टांगण्यापेक्षा ते न टांगणेच बरे,’ हे विधान स्पष्ट करा.
४. तुमच्या घराजवळील कोणत्या फुलांवर कोणते पक्षी येतात, याची आठवडाभर नोंद ठेवा.