आईला दोष देण्याआधी

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ हा चित्रपट १९९५चा. मी तो एकट्यानं पाहिला, घरच्यांबरोबर पाहिला, ओळखीपाळखीच्यांना गोळा करून दाखवलाही. त्यातून पदरी पडलेलं थोडंफार:

१. खलनायक शोधत बसू नये, तो आयताच मिळतो. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच अपघातात नवरदेव जातो, बाप अंथरूण धरतो आणि पोरगी पांढऱ्या पायाची ठरते. मामा तिला मुंबईला नेऊन धंद्याला लावतो. मामाच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर! प्रेक्षक त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळे होतात आणि चित्रपट तिथंच हातून निसटतो. भावे मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. एका दुष्टावर सगळं ढकलून सुटणं हा त्यांचा पिंड नव्हता.

२. पैशावर नजर ठेवावी. मुंबईचा पैसा येतो, चूल पेटते, धाकट्या बहिणीचं, कृष्णाचं लग्न उभं राहतं. पैशाला विटाळ नसतो. गौरी दारात आली की मात्र असतो.

३. आईवर भांडण होणारच, होऊ द्यावं. आमच्याकडे एक तरुण मुलगी तावातावानं म्हणाली, “ही आई नाही, कसाई आहे.” मागच्या रांगेतल्या एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “घरात दाणा नाही, नवरा खाटेवर, दुसरी पोर लग्नाची. तू काय केलं असतंस बाळा?” कुणालाच उत्तर सुचलं नाही. उत्तरा बावकरांनी ही आई अशी उभी केलीय की तिची कीवही येते आणि चीडही. माझं मत सांगतो. पोरीला पाठवलं, ते नाइलाजानं. तेवढं मी समजू शकतो. पण तिच्याच कमाईवर उभ्या राहिलेल्या लग्नघरात तिला परकं करणं गरिबीच्या खात्यावर टाकता येत नाही. ते अब्रूच्या खात्यावरचं आहे.

४. भाबडेपण फुकट मिळत नाही. कृष्णाला (सोनाली कुलकर्णी) काही ठाऊक नाही, कारण ठाऊक होऊ नये अशी घरानं सोय केलेली आहे. तिच्या निरागसपणाचा खर्चही गौरीच भागवते आहे. कळल्यावर कृष्णा जी पेटते, ती याच हिशेबामुळे, असं मला वाटतं.

५. गाण्यांच्या वेळी चहाला उठू नये. शब्द ना. धों. महानोरांचे, संगीत आनंद मोडकांचं; अंजली मराठेला या चित्रपटातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

६. ‘उंबरठा’ची फूटपट्टी इथं लावू नये. “गौरी पळून का गेली नाही?” असं हमखास कुणीतरी विचारतं. जब्बार पटेलांच्या १९८२च्या त्या चित्रपटातली सुलभा महाजन घर सोडते तेव्हा तिच्याजवळ शिक्षण असतं, नोकरी असते, नाही म्हणण्याची सवय असते. रेणुका दफ्तरदारच्या गौरीजवळ यातलं काय आहे? पळून ती जाणार कुठं? माहेरी? ज्यांनी पाठवलं त्यांच्याकडेच?

शेवट मी सांगत नाही, त्यावर आमच्यात अजून एकमत नाही. कुणाला दाखवणार असाल तर चर्चेला तासभर राखून ठेवा आणि सुरुवात आईपासून करू नका. त्या पैशावर कोण कोण जेवलं, हे आधी विचारा.