पोट रविवारीच दुखतं

ये गं चिऊ, इकडे बस माझ्याजवळ. शेंगा भाजून आणल्यात, गार व्हायच्या आत खा. काकूला सांगून आलेय मी, चिऊला जरा गच्चीवर नेते म्हणून. ती म्हणाली, ‘बघ बाई तूच, मला तर तोंड उघडून काही सांगत नाही.’

मघाशी आजी ओव्याची पुरचुंडी घेऊन तुझ्यामागे फिरत होती, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. सगळ्या दिवाळीच्या सुट्टीत चकल्या पचल्या, अनारसे पचले, तेलकट कडबोळी पचली. उद्या शाळा उघडणार म्हटल्यावर आज दिवेलागणीला पोटात कळ. काका म्हणाले, ‘नाटकं आहेत.’ नाटकं नाहीत. माझंही दुखायचं, आणि खरोखर दुखायचं. बेंबीच्या जरा वर, पीळ घातल्यासारखं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की थांबायचं, रविवारी संध्याकाळी परत सुरू. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जंताची गोळी दिली. जंत नव्हतेच, गोळी बिचारी काय करणार?

आता ऐक. शाळा आवडून घे, असं मी तुला सांगणार नाही. मला ती आठवीत आवडली नाही, नववीतही नाही. दहावीत जरा बरी वाटली, तीही संपत आली म्हणून. कुणाला दुधी आवडत नाही, कुणाला शाळा. घरातल्या मोठ्यांना मात्र हे मान्य होत नाही. ‘आमच्या वेळी तर’ म्हणून सुरू होतात. त्यांचं सोड. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती तुला आज सांगते. ‘शाळा आवडत नाही’ हे गाठोडं आहे. बांधलेलं असतं तोवर फक्त जड लागतं. सोडून बघितलं की कळतं, आत नेमकं काय काय आहे.

मी सोडलं ते एकदा एसटीत. गाडी बंद पडली होती, दुसरी येईपर्यंत करायला काही नव्हतं. मराठीच्या वहीची मागची पानं उघडली आणि दिवसभराचं एकेक लिहायला लागले. एसटी: चालतंय, खिडकी मिळाली तर मजा. परिपाठ: चालतंय. मराठी, इतिहास, चित्रकला: चालतंय. विज्ञान: कधी बरं, कधी नाही. गणित: नको. वाचन मोठ्याने: नको नको. मधली सुट्टी: सगळ्यात नको. आठ तासांतले दोन-तीन आणि मधली सुट्टी, एवढंच दुखत होतं. बाकीची शाळा आपली उगाच बदनाम झालेली.

गणिताची गंमत ऐक. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मला गणित येत होतं. गुरुजी फळ्यावर बोलवायचे आणि मी धावत जायचे. सातवी झाली, सातारच्या शाळेत नाव घातलं, सेमी इंग्लिश. पहिल्याच आठवड्यात सर न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर म्हणायला लागले. मी आपली गप्प. अंश आणि छेद म्हणाले असते तर मी सगळ्यांच्या आधी हात वर केला असता. लसाविचा एलसीएम झाला. सहगुणकाचा कोएफिशिएंट. आणि कर्णाने तर छळच मांडला. आपल्याकडे काटकोन त्रिकोणातलाही कर्ण आणि चौकोनातलाही कर्ण. इंग्रजीत त्याचे दोन झाले, त्रिकोणात हायपोटेन्यूज, चौकोनात डायगोनल. मी चौकोनातल्याला हायपोटेन्यूज म्हटलं आणि पुढची रांग फिदीफिदी हसली. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की आपल्याला गणित येत नाही. बघ हां, गणित येत होतं, शब्द येत नव्हते. पण तेराव्या वर्षी दोन्हीतला फरक कोण सांगणार?

नंतर मी एक काम केलं, तेवढं तूही कर. दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मार. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे त्यांचा. चल, व्हेरिएबल. समांतरभुज चौकोन, पॅरॅलेलोग्रॅम. प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस. रोज पाच. डावीकडचा शब्द कुठून आणायचा म्हणतेस? आठवीचं मराठी माध्यमाचं पुस्तक पैदा कर, बालभारती दोन्ही माध्यमांची छापते. धडे तेच, आकृत्या त्याच, शेजारी शेजारी उघडून बसायचं. माझे सहा महिने रडण्यात गेले, मग कुणीतरी हे सांगितलं. तू जूनपासून जातेस, म्हणजे तुझे पाचच गेलेत.

आणि सहामाहीचे पेपर उद्या-परवा हातात पडतील ना? गणितात किती पडतील वाटतं? बरं, नको सांगू. पडले तेवढे पडले. पेपर घरी आणून गादीखाली ठेवू नकोस मात्र. मी ठेवला होता, काकूने चादर बदलताना काढला. तुझ्याच आईने. मार्कांवरून बोलली नाही, लपवला म्हणून बोलली.

आता मोठ्याने वाचायचं. मला माहितेय तुला काय म्हणतात. परवा फोनवर तुझ्या वर्गाचा ग्रुप उघडा राहिला होता, दिसलं मला. रागावू नकोस, मुद्दाम नाही बघितलं. ‘पानी’ म्हणतात ना तुला?

मलाही म्हणायचे, चिऊ. अगदी हाच शब्द. बाईंनी कविता वाचायला उभं केलं, मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं, आणि पुढची दोन वर्षं माझं नाव ‘पानी’. नळाशी कुणी उभं राहिलं तरी हाका मारायचे, ‘पानी, पानी प्यायला ये.’ मी बोलायचीच बंद झाले. हजेरीला ‘हजर’ म्हणायची आणि मग एकदम एसटीत बसल्यावर तोंड उघडायची.

बहिणाबाईंची कविता आहे ना तुम्हाला पुस्तकात? असतेच कुठल्या ना कुठल्या इयत्तेत. बहिणाबाई चौधरी, जळगावकडच्या, 1951 साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या गाण्यांत खानदेशची बोली आहे, आणि तिथेही ‘ण’चा ‘न’च होतो. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्याला हसणारी पोरं तीच बोली पाच मार्कांसाठी पाठ करतात, संदर्भासह स्पष्टीकरण लिहितात. पुस्तकात आली की बोली, बाकावर बसली की गावंढळ! मला हे सुचलं तेव्हा मी कॉलेजात होते. तोंडावर फेकायला उत्तर तयार, पण समोर ती मुलं कुठे होती?

तू काही फेकू नकोस म्हणा. उत्तर दिलं की त्यांना अजून मजा येते. ‘ण’ म्हणायला शिक, दोन आठवड्यांत जमतो, जीभ टाळूकडे वळवायची एवढंच. मुलाखतीत, भाषणात लागतो तो. पण शिकशील ते शाळेसाठी. घरी येऊन आजीला ‘पाणी म्हण’ असं शिकवायला गेलीस ना, तर माझ्याशी गाठ आहे.

मधल्या सुट्टीचं मात्र माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तासाला निदान सर असतात, बाक ठरलेला असतो. मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसून डबा खायचा हे रोज नव्याने ठरतं, आणि आपण डबा हातात घेऊन उभे. मी काही दिवस संडासात जाऊन उभी राहायचे, घंटा होईपर्यंत. वास आठवला तरी आजही मळमळतं. मग एकदा ग्रंथालयात शिरले, तिथे शिपाईमामा वर्तमानपत्रं लाकडी पट्ट्यांत अडकवत होते. म्हटलं, मी करू? म्हणाले, कर. दुसऱ्या दिवशी गेले, त्यांनी न बोलता पट्टी पुढे केली. पुढे रोजचं झालं. डबा दहा मिनिटांत तिथेच पायरीवर खायचा, मग पट्ट्या. मैत्रीण नव्हती, पण हाताला काम होतं, आणि काम असलेल्या मुलीकडे कुणी ‘ही एकटी का’ म्हणून बघत नाही. तुला पट्ट्या आवडायला पाहिजेत असं नाही. झाडांना पाणी घाल, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धू. शिपाईमामा, लॅबवाले दादा, ग्रंथपाल, यांच्याशी बोल. शाळेत सरांपेक्षा ही माणसं जास्त बघतात.

तिथेच मला ‘तोत्तोचान’ सापडलं. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी स्वतःच्या शाळेची गोष्ट लिहिलीय. पहिल्या शाळेने त्यांना पहिलीतच काढून टाकलं होतं, आणि दुसऱ्या शाळेतले मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी त्या एवढ्याशा मुलीचं बोलणं चार तास ऐकत बसले. चार तास! मी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं, इतका राग आला. आपलं चार मिनिटं तरी कोण ऐकतं?

पण चार मिनिटं मिळतात, चिऊ. ती वाया घालवू नकोस, हे सांगायलाच तुला वर आणलं. तू काकूला म्हणतेस, ‘मला नाही जायचं.’ ती म्हणते, ‘सगळ्यांनाच जावं लागतं.’ संपलं. आता असं सांगून बघ: ‘आई, अमुक तारखेला मधल्या सुट्टीत तिघींनी माझा डबा उघडून सगळ्यांना दाखवला, चटणी-भाकरी म्हणून हसल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात पण केलं.’ याच्यावर ‘सगळ्यांनाच जावं लागतं’ म्हणता येत नाही. तारीख, जागा, कोण, काय. म्हणून मागच्या पानांवर लिहायचं. आणि वेळ बघून बोल. सकाळी ती डबे भरत असते तेव्हा नाही. रात्री भाजी निवडायला बसली की मेथीची जुडी ओढून घे आणि खाली बघत बोल. खाली बघून बोलता येतं, म्हणून भाजी निवडणं मला फार आवडतं.

मग काकू वर्गशिक्षिकेला भेटेल. पालकसभेत नको, तिथे प्रत्येकाला आपल्या पोराचे मार्क विचारायचे असतात. वेगळी वेळ मागून. शाळेत तक्रारपेटी असते, ती आहेच, पण तिची किल्ली कुणाकडे असते ते आधी बघून ठेव.

आणि हे बघ, इथे मी गंमत करत नाही. हसणं-चिडवणं एक, मारणं वेगळं. कुणी सर-मॅडमनी छडी मारली, वर्गात सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलले, तर ते कायद्याने बंद आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते आठवीच्या मुलांना मारायलाही मनाई आहे आणि मानसिक छळालाही. ‘आम्ही छड्या खाऊनच शिकलो’ असं काका म्हणतील, म्हणू देत. आणि कुणी अंगाला हात लावला, फोटो मागितला, कुठे एकटीला बोलावलं, तर वही-तारीख काही नको, त्याच दिवशी सांग. काकूला नाही जमलं तर मला. मी फोन उचलला नाही तर 1098. तो मुलांचाच नंबर आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो.

अजून एक विचारते, खरं सांग. कधी असं वाटतं का, की आपण नसतोच तर बरं? नाही? नक्की? बरं. मला वाटलं होतं, नववीत, एकदा. कुणाला बोलले नाही, ती चूक. वाटलं तर रात्री दोनलासुद्धा मला उठव. टेलिमानसचा 14416 आहे, तिथे मराठीतून बोलता येतं, फुकट आहे. लिहून घे दोन्ही नंबर, फोनमध्ये नको, वहीत.

शाळा बदलायची म्हणतेस? बदलता येते, दाखला काढायचा आणि दुसरीकडे घालायचं. त्यात हरल्यासारखं काही नाही. माझ्या एका मैत्रिणीने बदलली आणि तिचं पोट महिन्याभरात थांबलं. पण मार्चपर्यंत पानं भरू दे. मग आपण दोघी बसून वाचू. पानभर गणितच निघालं तर शाळा बदलून गणित बदलणार नाही. पानभर त्या तिघीच निघाल्या आणि बाईंना सांगूनही काही झालं नाही, तर काकांशी मी बोलते. मी बोलल्यावर ते चिडतात, पण दोन दिवसांनी ऐकतात.

आणि तुझी ती बाकावरची, जिला तू मघाशी ‘ढ’ म्हणालीस? फळ्यावरचं बघून उतरवताना जिची अक्षरं इकडची तिकडे होतात? ती ढ नसेल, चिऊ. काही मुलांचं लिहिता-वाचताना तसंच होतं. सरकारी रुग्णालयात तपासून दाखला मिळतो, मग बोर्डाच्या परीक्षेत वेळ जास्त मिळतो. बाईंच्या कानावर घाल कधीतरी. आणि तिला विचार, मधल्या सुट्टीत ती कुठे जाते ते. मला वाटतं तिलाही डबा घेऊन उभंच राहावं लागत असेल.

झाल्या शेंगा? टरफलं इथे नको, आजी ओरडेल. जा, मराठीची वही आण आणि मागून उघड. उद्याची तारीख घाल वर. सोमवारचा पहिला तास कुणाचा असतो?