आधुनिक वैद्यकीय शब्द : व्युत्पत्ती आणि व्याख्या

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या 30 व्या अध्यायात धमनी शब्दाचा संबंध ध्मानाशी, स्रोतसाचा स्रवणाशी आणि सिरेचा सरणाशी जोडला आहे. शब्द फोडून अर्थ जाणण्याची ही रीत वैद्यवर्गाच्या अंगवळणी पडलेली असते. इंग्रजी वैद्यकीय शब्दांचा मोठा भाग मूळचा ग्रीक व लॅटिन असल्याने तेथेही तीच रीत चालते, पाठांतरापेक्षा अधिक चांगली.

उदाहरणार्थ, 'आयटिस' म्हणजे शोथ आणि 'ओसिस' म्हणजे विकृत अवस्था. मणक्यांची झीज झालेला रुग्ण सर्रास 'स्पाँडिलायटिस आहे' असे सांगतो. त्याच्या क्ष-किरण अहवालात मात्र स्पाँडिलोसिस लिहिलेले असते. हा भेद केवळ शाब्दिक नाही. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसमधील सकाळचा जखडलेपणा हालचालीने कमी होतो, विश्रांतीने नव्हे. झिजेच्या दुखण्यात बहुधा याच्या उलट घडते. चिकित्सेची दिशा येथेच बदलते.

तथापि व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. 'एनिमिया'चा शब्दशः अर्थ रक्ताचा अभाव. तसा रुग्ण जिवंत राहणार नाही! व्याख्या मात्र आकड्यांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला प्रौढ पुरुषात 13 ग्रॅमपेक्षा व गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीत 12 ग्रॅमपेक्षा कमी असणे म्हणजे एनिमिया. आपला पांडु वर्णावरून ओळखला गेला. म्हणून दोन्ही शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरणे आम्हांस मान्य नाही.

'अॅक्यूट'चे भाषांतर 'तीव्र' असे रूढ आहे. त्यामुळे 'क्रॉनिक' म्हणजे सौम्य, असा समज होतो. वस्तुतः हे दोन्ही शब्द प्रामुख्याने कालवाचक आहेत. आशुकारी आणि चिरकारी हे आपले शब्द अधिक नेमके बसतात. तीव्रतेसाठी 'सिव्हिअर' हा निराळा शब्द आहे.

सोनोग्राफीच्या अहवालातील 'टर्मिनल इलियम' वाचून रुग्ण घाबरतो. हा शब्द मरणासन्न अवस्थेचा नसून लघ्वंत्राच्या शेवटच्या भागाचा वाचक आहे, हे त्याला तत्काळ सांगावे. कटीच्या अस्थीचे नावही 'इलियम'च! देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. इंग्रजीत आतड्याच्या नावात तिसरे अक्षर 'ई', अस्थीच्या नावात 'आय'. तेव्हा शब्दांची वही करताना इंग्रजी वर्णलेखनही अवश्य उतरवावे.

औषधालयचालक बंधूंसाठी चिठ्ठीवरील लॅटिन संक्षेप. 'बी.डी.' दिवसातून दोनदा, 'टी.डी.एस.' तीनदा, 'एच.एस.' झोपताना, 'एस.ओ.एस.' गरज भासल्यास. 'ए.सी.' म्हणजे जेवणापूर्वी, अर्थात आपला प्राग्भक्त काल, 'पी.सी.' जेवणानंतर, अर्थात अधोभक्त. 'ओ.डी.' बाबत विशेष सावध असावे. आपल्याकडे त्याचा अर्थ दिवसातून एकदा असा घेतात, परंतु नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीत तो उजव्या डोळ्याचा संक्षेप असू शकतो. नेत्रबिंदू देताना शंका आल्यास चिठ्ठी लिहिणाऱ्यास दूरध्वनी करून विचारावे. अंदाजाने सांगू नये.