पोटातले पाणी

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायावरून धडा घेताना शब्बाथशाळेत आपण बहुधा हात, पाय, डोळा व कान यांवरच थांबतो. ती नावे तेथे आहेत, शिवाय ती मुलांना बोटाने दाखवता येतात. जठर, यकृत, स्वादुपिंड व आतडी ही मात्र कोणाला दिसत नाहीत, आणि पोट दुखेपर्यंत त्यांची कोणाला आठवणही होत नाही. या वेळी आपण त्यांच्याकडे वळू या. धडा पचनाचा आहे, परंतु त्याचा शेवट मीठ, साखर व पाणी यांपाशी होतो. तेवढा भाग घरोघर नीट समजला तर एखादे मूल वाचू शकते. म्हणून शिक्षकांनी तो शेवटी वेळ उरला तर घेऊ, असे म्हणू नये.

आरंभ सोपा आहे. प्रत्येक मुलाला चपातीचा कोरडा तुकडा द्यावा व तो न गिळता मिनिटभर चावावयास सांगावे. हळूहळू तो गोड लागू लागतो. साखर तर कोणी घातली नाही! लाळेतील विकराने पिठातील पिष्टाची साखर करावयास घेतली, एवढेच. पचनाचे काम तोंडातच सुरू होते, ते असे.

पुढे जठरात घास जातो. तेथील रस इतका आंबट असतो की पुष्कळसे जंतू त्यात मरतात. हा आंबट काला तसाच लहान आतड्यात उतरला तर तेथील नाजूक अस्तर भाजून निघेल. पण तसे होत नाही. काला उतरू लागताच स्वादुपिंडातून सोड्यासारखा क्षारयुक्त रस येतो व आम्लाचा जोर मोडतो. आता प्रश्न असा, की आतड्यात आम्ल आले ही बातमी स्वादुपिंडाला कोण देते?

पूर्वी विद्वानांचे उत्तर होते, मज्जातंतू. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग या दोघा संशोधकांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक भाग घेऊन त्याचे सर्व मज्जातंतू तोडले व त्यात आम्ल घातले. बातमी नेणारी तारच तुटली होती. तरी स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून ते आम्लात खलले, गाळले व तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस आला. निरोप रक्तातून जात होता! त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन असे नाव दिले, आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा निरोप्या द्रव्यांसाठी हार्मोन हा शब्द वापरला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यालाच संप्रेरक म्हणतात. ग्रंथी म्हटले की आपल्याला गळ्यातली किंवा मेंदूखालची ग्रंथी आठवते. पण पहिले नाव मिळाले ते आतड्यातल्या निरोप्याला. ही गोष्ट मला फार आवडते.

असे निरोपे आणखीही आहेत. तुपातेलाचा अंश आला की एकाने पित्ताशय आकुंचन पावते व पित्त खाली येते. साखर आली की दुसरे काही स्वादुपिंडाला इन्शुलिन तयार ठेवावयास सांगतात. त्यामुळे तोंडाने घेतलेल्या साखरेला जेवढे इन्शुलिन निघते, तेवढे शिरेतून दिलेल्या साखरेला निघत नाही.

आता हिशेब पाहा. मोठा मनुष्य अन्नपाण्यातून दिवसाला सुमारे २ लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा रस मिळून शरीर स्वतःच्या पदरचे आणखी सुमारे ७ लिटर पोटात ओतते. अंगातले सगळे रक्त भरते सुमारे ५ लिटर. म्हणजे रक्ताहून अधिक द्रव रोज उसना दिला जातो. आणि यांपैकी शौचावाटे बाहेर किती जाते? फार तर १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचे आतडी परत घेतात. ही परतफेड एक दिवस थांबली तर काय होईल, याचे उत्तर कॉलरा देतो. बाधा जोराची असेल तर तासाला १ लिटरपर्यंत पाणी जाते व धडधाकट मनुष्य एका दिवसात संपतो.

१९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले, की कॉलऱ्याचे जंतू गाळून टाकले तरी मागे उरलेल्या द्रवाने आतड्यात पाणी सुटते. म्हणजे हे काम जंतूंच्या विषाचे होते. ते विष आतड्याचे अस्तर नष्ट करीत नाही. मीठपाणी बाहेर ओतण्याचा नळ उघडा ठेवते. मात्र अस्तराच्या पेशींना आणखी एक दार असते. त्यातून साखरेचा एक कण व मिठातील सोडियमचे दोन कण जोडीनेच आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. हे दार विषानेही बंद होत नाही. नुसते पाणी पाजले तर फारसे टिकत नाही, नुसते मीठही नाही. दोन्हींसोबत साखर हवी.

१९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित आले आणि बनगाव येथे कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या मापाने पाणी करविले व नळ लावलेल्या पिंपांतून ते देवविले. रुग्णांना ते पाजले त्यांच्या आईबापांनी व भावंडांनी. इतर छावण्यांत शंभरात २० ते ३० दगावत होते. येथे चारही नाही. डॉक्टर २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. जुलाबाने पाणी जाऊ लागले की शरीर स्वस्थ बसत नाही. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीकडून मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा निरोप जातो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींकडून मीठ राखण्याचा. तहान लागते, लघवी थोडी व गडद होते. तोंड कोरडे पडणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे व चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसणे, ही पुढची लक्षणे आईने ओळखावीत. पोटाला आराम मिळावा म्हणून अशा मुलाचे पाणी तोडणे, हा समज काही घरांत अजून आहे. तो घातक आहे.

दुकानात किंवा सरकारी दवाखान्यात ओआरएसची पुडी मिळते. ती सांगितलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण मिसळावी, अर्धी नव्हे. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप सोडू नये: मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा घोटाघोटाने द्यावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. झिंकच्या गोळ्या दवाखान्यातून विचारून घ्याव्यात. मूल गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल किंवा शौचात रक्त दिसले, तर वाटेत पाजत पाजत त्याला रुग्णालयात न्यावे. उरलेले पाणी झाकून ठेवावे आणि २४ तासांनंतर ओतून नवे करावे.