एका वेळी एकच गुण

आपण निर्दोष व्हावे, अशी इच्छा धरणे चांगले. परंतु ती एका दिवसात पुरी होईल असे जो मानितो, तो लवकरच निराश होतो. ह्या बाबतीत बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) ह्या अमेरिकन मुद्रकाचा अनुभव आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

तरुणपणी फिलाडेल्फिया शहरी असता त्याने मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, उद्योग, नम्रता इत्यादी १३ गुणांची यादी केली. सर्व गुण एकदम साधू गेल्यास मन विखुरते, हे जाणून त्याने एकेका गुणास एकेक आठवडा दिला. अशा रीतीने वर्षात ४ फेऱ्या होत. रोज तो आपली झडती घेई, व दोष घडला असल्यास वहीत काळा ठिपका मांडी. जुने ठिपके खरडून कागदास भोके पडली, तेव्हा त्याने पुसता येणारी हस्तिदंती पाने घेतली.

व्यवस्थितपणा त्यास कधीच पुरता साधला नाही. तरी, पूर्णत्व हाती आले नसले तरी ह्या प्रयत्नाने आपण अधिक चांगले व सुखी झालो, असे त्याने वयाच्या ७९ व्या वर्षी लिहून ठेविले.

तर वाचकहो, रागाचे बोलणे म्हणा, उसने परत करण्यातील दिरंगाई म्हणा, ह्या आठवड्यात एकच दोष निवडा. रात्री दिवा मालविण्यापूर्वी त्याचा हिशेब घ्या. ज्यास लिहिता येत नाही, त्याने भिंतीवर कोळशाची रेघ ओढावी. रेघा दिसतील, त्या लपवू नका, आणि त्यांस भिऊन हिशेबही सोडू नका. मागील आठवड्याहून एक रेघ कमी झाली, तर तीच वाढ होय.