छोटी लाइन मोठी होताना

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून 'छोटी लाइन' हा शब्द तुमच्या कानावर पडला असेलच. वऱ्हाडात सोयरे असणाऱ्या कुटुंबांचा तो नेहमीचा रस्ता होता. इंदूर, महू, खंडवा, अकोला, आणि डब्यातून न उतरता पुढे पूर्णेवरून हैदराबादपर्यंत. या लाइनीचे रुंदीकरण हाती घेतले गेले (हिंदी वर्तमानपत्रांत 'आमान परिवर्तन' छापून येते, आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने आमच्याही तोंडी आधी तोच शब्द येतो). "रूळ थोडे लांब-लांब बसवायला इतकी वर्षे कशाला?" असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर थोडे भूगोलात आहे, थोडे गणितात.

आधी इतिहास. १८७० साली महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. राजाने सरकारला कर्ज द्यावे ही गोष्ट तेव्हाही नवलाचीच. त्या दशकातच गाडी इंदूरला पोचली. रुळांतील अंतर एक मीटर ठेवले, कारण अरुंद लाइन डोंगरात सहज वळते आणि खर्च कमी पडतो. मोठ्या लाइनीत हेच अंतर १६७६ मिलिमीटर असते. म्हणजे माळव्याचा कापूस खंडव्याला आला की एका वॅगनमधून उतरवायचा आणि दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचा. हमाली, वेळ आणि नासाडी, तिन्ही व्यापाऱ्याच्या अंगावर. खंडवा–अकोला हा दुवा तर स्वातंत्र्यानंतर जोडला गेला, उत्तरेची आणि दक्षिणेची छोटी लाइन एक व्हावी म्हणून.

आता घाट. पातालपाणी ते कालाकुंड हा उतार ४० मीटरला एक मीटर, म्हणजे १:४० आहे. मालगाडीचे वजन चार हजार टन धरा. या चढावर केवळ वजन वर ओढण्यासाठी ४००० ÷ ४० = १०० टन जोर लागेल. एका दमदार विद्युत इंजिनाचा जोर साधारण ५० टन असतो. छोट्या गाडीला मागून दुसरे इंजिन लावून भागत होते. चार हजार टनांच्या गाडीचे तसे भागत नाही. चढ १:१५० केला तर जोर २७ टनांच्या आत येतो. मग प्रश्न सुटला? नाही. समजा ३०० मीटर उंची चढायची आहे. १:४० ने १२ किलोमीटर लाइन पुरते, १:१५० ने ४५ किलोमीटर लागते. ती जादा लांबी डोंगराला वळसे घालून आणि बोगदे खणून मिळवावी लागते. म्हणून जुन्याच जागी रुंद रूळ टाकता येत नाहीत. घाटात मार्गच नवा शोधावा लागतो.

स्टेशनांचेही असेच. एकेरी लाइनीवर समोरून गाडी आली की एकीला बाजूच्या रुळावर थांबावे लागते. आजची लांब मालगाडी सुमारे ७०० मीटरची असते आणि स्टेशनच्या आवारात चढ १:४०० पेक्षा जास्त चालत नाही. डोंगरात अशी जवळपास सपाट ७०० मीटर जागा शोधा पाहू!

अकोल्याकडे अडचण वेगळी होती. जुनी लाइन मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाई. तिथे धूळघाटजवळ गाडी डोंगराभोवती फेरी मारून स्वतःच्याच मार्गाला ओलांडत असे. मुले खिडकीला नाक लावून बसत. छोट्या लाइनीवर गाड्या कमी आणि वेग कमी. मोठ्या लाइनीवर रात्रंदिवस मालगाड्या धावल्या तर वाघांचे काय? हा वाद बरीच वर्षे चालला. शेवटी जंगल टाळून अकोट, सोनाळा, जामोद या बाजूने वळवण्याचे ठरले. पल्ला वाढला, खर्चही वाढला, तरी आमच्या मते निर्णय योग्य झाला. जंगल तर वाचतेच, शिवाय जुन्या मार्गावर जंगलात स्टेशने होती आणि माणसे तुरळक. नव्या मार्गावर कापूस-संत्री पिकवणारी वस्तीची गावे आहेत.

पण हिशेबात एक गोष्ट कमी धरली गेली, असे आम्हांला वाटते. अकोला–खंडवा गाडी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. अकोला–अकोट मोठ्या लाइनीवर २०२२ मध्ये गाडी सुरू झाली, तरी २०२४ साल संपले तेव्हाही सलग मार्ग तयार नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये पहिलीत असलेले मूल तोवर नववीला पोचले! महू–ओंकारेश्वर रोड गाडी २०२३ च्या सुरुवातीला थांबली. कालाकुंडच्या लोकांची भिस्त त्या गाडीवरच होती. पळसाच्या पानावर कलाकंद विकायला गिऱ्हाईकही तीच आणत असे. पातालपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडी (२०१८ पासून) सहलीची आहे, इस्पितळात किंवा कॉलेजात जाण्याची नव्हे. मालगाडीचे टन मोजता येतात, एखाद्या आजीचा चुकलेला दवाखाना कोणत्या रकान्यात लिहायचा? योजना आखतानाच मधल्या वर्षांसाठी बस आणि पक्का रस्ता यांचा खर्च त्यात धरायला हवा होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर–मनमाड ही ३०९ किलोमीटरची नवी लाइन मंजूर केली : १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्टेशने. पीथमपूरचा माल बंदरापर्यंत कमी अंतरात जावा हा तिचा मोठा हेतू. तीही सातपुडा ओलांडणारच आहे.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी भूगोलाच्या वहीत महू–खंडवा–अकोला नकाशा काढावा, त्यात नर्मदा, तापी आणि मेळघाट दाखवावे. खाली हे उदाहरण सोडवावे : २४० मीटर उंची १:४०, १:१०० आणि १:१५० या चढांनी चढायला किती लांबीची लाइन लागेल? आजी-आजोबांना विचारून छोट्या लाइनीवरच्या स्टेशनांची नावे क्रमाने लिहून आणावीत. कोणाकडे जुने तिकीट किंवा वेळापत्रक असेल तर वर्गशिक्षकांना दाखवावे, पाहून परत केले जाईल.