आरोग्य समिती नेमायची, तर खर्च किती?

लोधीखेडा-सौंसर पट्ट्यात कापसाचं जिनिंग असो, संत्र्यांचं पॅकिंग असो की बोरगाव औद्योगिक क्षेत्रातलं एखादं युनिट, कर्मचारी आरोग्य समितीचं नाव काढलं की मालक आधी पैशाचं विचारतो. एक दिवसाचं योग शिबिर, डॉक्टरांचा सत्कार, फोटो, असा खर्च त्याच्या मनात असतो. त्यातलं काहीच लागत नाही.

६० माणसांचं युनिट धरू. पगार महिना १५,६०० रुपये, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने रोज ६०० आणि तासाला ७५. सहा जणांची समिती महिन्यातून एक तास बसली तर ४५० रुपये, वर्षाचे ५,४००. समितीच्या बैठकांचा खर्च हा एवढाच, पण तो टाळू नका. बैठक कामाच्या वेळेतच घ्या. पाळी सुटल्यावर बोलावलं तर बायका येणार नाहीत. त्यांना घरी जाऊन चूल पेटवायची असते.

आता जो पैसा आधीच जातोय तो बघा. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू झालेल्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालक ३.२५ टक्के भरतो, कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. आपल्या उदाहरणात ते ५०७ आणि ११७ रुपये. ६० जणांचे वर्षाला ४,४९,२८० होतात. इतके पैसे भरूनही टायफॉईड झाला की माणूस खासगी दवाखान्यात बिल भरतो आणि आठ दिवस बिनपगारी घरी बसतो, कारण आपला ईएसआय क्रमांकच त्याला ठाऊक नसतो. अंशदानाची अट पुरी असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. म्हणून समितीने पहिल्या महिन्यात एकच काम हाती घ्यावं: प्रत्येकाचा क्रमांक काढायचा, घरच्यांची नावं चढली आहेत का ते पाहायचं, नोंदलेला दवाखाना कोणता ते विचारायचं. याला खर्च शून्य. ठेकेदाराची माणसंही यादीत घ्या. त्यांच्या अंशदानाची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावरच येते.

सामान थोडंच लागतं. रक्तदाब मोजायचं चांगलं यंत्र साधारण दोन हजार, वजनकाटा हजार, ग्लुकोमीटर पट्ट्यांसह हजार-बाराशे, भरलेली प्रथमोपचार पेटी दीड-दोन हजार. सहा हजारांत भागतं, भाव दुकानागणिक थोडे इकडेतिकडे. तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य मंदिरात फुकट तपासतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांमध्ये चाळिशीपुढच्या कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने मोफत करून द्यायची आहे, तेव्हा ती समितीची मेहेरबानी म्हणून मिरवू नये. आकडे मात्र तपासणाऱ्याकडेच राहिले पाहिजेत. ‘बीपी निघाला तर कामावरून काढतील’ ही भीती एकदा बसली की पुढच्या वेळी कोणी दंड पुढे करत नाही.

खरा पैसा लागतो तो पाणी आणि संडासाला, आणि माझ्या मते तिथेच तो आधी घालावा. इकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाईला तहान लागते, पण संडास लांब असतो, कडी तुटलेली असते, म्हणून ती दुपारभर पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, ताप आणि खाडा. नवी कडी, एक बल्ब, एक बादली, एक मग: पाचशे-सातशे रुपयांत होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यातही पिण्याच्या पाण्याची जागा मुतारीपासून निदान सहा मीटर लांब असावी आणि तिथली पाटी बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत असावी, असं लिहिलेलं होतं. आपल्याकडे पाटी मराठीत आणि हिंदीत, दोन्ही लावा. एप्रिल-मे-जूनसाठी ओआरएसची पाकिटं आधीच घेऊन ठेवा. मोठं पाकीट वीस-पंचवीस रुपयांना येतं.

एक गल्लत होऊ देऊ नका. आरोग्य समितीची सक्ती नाही. कायद्याने लागणारी सुरक्षा समिती साधारणपणे ५०० कामगारांच्या कारखान्याला, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० ला. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती मात्र १० माणसांपासून बंधनकारक आहे, आणि ती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निदान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. २०१३ च्या नियमांत या बाहेरच्या सदस्याचा भत्ता कामकाजाच्या दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च असा आहे. आरोग्य समितीकडे अशी तक्रार आली तर तिने स्वतः चौकशी करत बसू नये, अंतर्गत समितीकडे सोपवावी.

मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तो ऑफिसच्या फलकावर लावू नका, सगळ्यांसमोर कोणी उतरवून घेत नाही. पगाराच्या पावतीवर छापा.